वाढत्या अंगाची कातडी

आपल्याकडे लहान मुलांचे कपडे मापाचे शिवत नाहीत. शिंपी टेप लावत असतो आणि आई मागून सांगते, "जरा वाढत्या अंगाचंच शिवा हं." पोरगं ती दिवाळी बाह्या दुमडून काढतं, पुढच्या दिवाळीला शर्ट बरोबर होतो. माझ्या कातडीनंही कुणा आईचं असंच ऐकलं असावं. मी वाढत गेलो तशी तीही दर वर्षी, कुरकुर न करता, वाढत गेली. मग मी चाळीसेक किलो उतरलो. ती मात्र पुढच्या दिवाळीच्या भरवशावर तशीच थांबली आहे.

वजन उतरल्याच्या गोष्टी नेहमी आकड्यावर संपतात. अँगस बार्बिएरी नावाचा स्कॉटिश तरुण १९६५-६६ साली डॉक्टरांच्या देखरेखीखाली ३८२ दिवस अन्नावाचून राहिला आणि २०७ किलोंचा ८२ किलो झाला. सांगणारा इथे थांबतो, ऐकणारा "बापरे" म्हणतो. दोनदाच जेवायचं, ५५ मिनिटांत ताट संपवायचं, पाऊण तासात साडेचार किलोमीटर चालायचं, हा डॉ. दीक्षितांचा वजन उतरवण्याचा मार्ग घरोघरी पाठ झाल्यापासून आमच्याही गल्लीत उतरलेली माणसं दिसतात. त्यांना सगळे विचारतात, "किती उतरलं?" चरबी गेली, पण तिच्यावरचं कातडं कुठे ठेवलंत, हे कुणी विचारत नाही.

मी ते पँटमध्ये ठेवतो. आधी घडी घालायची, मग खाली सरकवायची, वरून पट्टा. दुकानदार नजरेनंच माप घेऊन म्हणतो, "साहेब, ३६ बसेल तुम्हाला." मला बसतेच, माझ्या कातडीला बसत नाही. दंडांची तऱ्हा वेगळी. कुणाला टाटा केला, तर हात खाली आल्यावरही दंडाखालची कातडी थोडा वेळ निरोप देत राहते. हाफ शर्ट घालून लोकलमध्ये कडी धरून उभा राहिलो, की समोर आईच्या मांडीवर बसलेलं पोर खिडकी सोडून माझ्या दंडाकडे बघत बसतं. सूर्यनमस्कार घालताना पर्वतासनात गेलो, की पोट थेट छातीशी विचारपूस करायला येतं.

पावसाळ्यात तर घड्यांची देखभाल हा एक स्वतंत्र उद्योग होतो. पोटाखाली घाम अडकतो, कातडीला कातडी घासते, लाल होतं, चुरचुरतं आणि दुर्लक्ष केलं तर बुरशी मुक्कामाला येते. त्वचेच्या डॉक्टर बाईंनी बजावलं, "पावडरचे थर देऊ नका, त्याचा लगदा होतो. टिपून कोरडं ठेवा." म्हणून आंघोळीनंतर मी खोलीचं दार लावून, पंखा पाचवर करून, एका हातानं पोट उचलून दुसऱ्या हातानं जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यानं टिपत उभा असतो.

"अहो, आत काय चाललंय इतका वेळ?" बाहेरून बायको.

"घड्या वाळवतोय."

कातडीला पुन्हा मूळ जागी खेचून आणणारे जे धागे असतात, ते इलॅस्टिनचे. त्यांचा बहुतेक साठा आईच्या पोटात आणि बालपणी तयार होतो. मोठेपणी शरीर नवा माल जवळजवळ काढतच नाही. वर्षानुवर्षं ताणून हे धागे तुटले, वर वय, ऊन आणि सिगारेट यांनी हातभार लावला, की परतीची वाट बंद. विशीत आठ-दहा किलो उतरवणाऱ्याची कातडी बहुधा मुकाट आत जाते, पन्नाशीत चाळीस उतरवणाऱ्याची नाही. व्यायामानं खालचा स्नायू भरतो, दंड जरा बरा दिसतो, पण जास्तीची कातडी काही आटत नाही. तरी मावशीनं तिळाचं तेल सांगितलं, वहिनीनं मसूर डाळीचं उटणं सांगितलं आणि जिममधल्या पोरानं एक मलम सांगितलं. त्याची किंमत ऐकून तेवढ्यापुरता मीच आखडलो.

खरा उपाय शेवटी शिंप्याचाच, कात्रीचा. वजन काही महिने एका जागी टिकलं की प्लास्टिक सर्जन कमरेच्या एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत छेद घेतात, वरची कातडी खाली ओढतात आणि उरलेली कापून टाकतात. बेंबी आपली जागा सोडत नाही. खाली आलेल्या कातडीला तिच्यासाठी नवं काज पाडतात. एवढं ऐकल्यावर मला त्या शास्त्राबद्दल अतोनात आदर वाटला आणि मी घरी आलो.

शिवाय आरोग्यविम्याचं गणित आहेच. बीएमआय ४० च्या पुढे असला आणि डॉक्टरांनी लिहून दिलं, तर वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळू शकतो. तिच्यामागे उरलेली कातडी मात्र सहसा सौंदर्याच्या खात्यात जाते. ज्या पोटाला टॉवेल गुंडाळल्याशिवाय मी आरशासमोर जात नाही, त्याचा सौंदर्याशी संबंध लावणारं विमा खातं हे जगात एकमेव असेल.

जाड माणसाच्या प्रत्येक किलोचा जाब त्यालाच द्यावा लागतो. लग्नात त्यानं जिलेबी घेतली तर चार डोळे वळतात, नको म्हटलं तर आठ. तेव्हा मी म्हणायचो, हाडंच जड आहेत, आमच्या घराण्यातच आहे, माझ्या हातात काही नाही. त्यात थोडं तथ्य असेलही, पण म्हणताना माझाच त्यावर विश्वास नसायचा. पुढे मी सगळं हातात घेतलं. घास मोजले, पावलं मोजली. मनानं धरलं की अंग ऐकतं, अशी सवयच लागली. त्याच तोऱ्यात कातडीच्या मागे लागलो. ती चोळली, ताणली, पट्ट्यात आवळली, पण बाई ढिम्म. चिडून झालं, रुसून झालं आणि मग हळूहळू बरं वाटायला लागलं. माझ्या अंगावर एक तरी गोष्ट अशी आहे, की जिच्यासाठी उद्या पहाटे पाचला उठायचं कारण नाही.

परवा एका मुंजीत मावशीनं माझ्या दंडाची कातडी चिमटीत धरली. "अरे, एवढं केलंस, आता हेही मनावर घे ना."

"मावशी, ते माझ्या हातात नाही," मी म्हणालो. जन्मभर घोकलेलं वाक्य, आज पहिल्यांदाच खरं बोलत होतो. त्या आनंदात मी एक जिलेबी घेतली.