खोडलेल्या किमतीस खुले पत्र

श्रीमती खोडलेली किंमत यांना सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, आपण दिसता नेहमी, पण बोलणं कधी झालं नाही. आपल्या अंगावर लाल रेघ असते. जिच्यावर रेघ मारली आहे तिची चौकशी करावी की न पाहिल्यासारखं करावं, हे आम्हाला घरी कुणी शिकवलेलं नाही. शेजारची नवी, ठसठशीत किंमत गिऱ्हाईक वाचतं खरं, पण नजर खिळलेली असते आपल्यावर. म्हणून म्हटलं, यंदाच्या डिझायनर गृहवस्तूंच्या महासेलचं श्रेय आयोजक, प्रायोजक आणि दारात फुगे बांधणारे वाटून घेण्याआधी आपल्याला चार ओळी लिहाव्यात.

आपला मुक्काम सध्या आमच्या कोथरूडातल्या एका मंगल कार्यालयात आहे. आषाढी एकादशीला देव झोपतात, लग्नं थांबतात आणि तुळशीच्या लग्नापर्यंत करायचं काय, असा प्रश्न कार्यालयवाल्यांपुढे उभा राहतो. त्यावर सेल हा तोडगा निघाला. एरवी जिथे अंतरपाट धरतात तिथे बिलिंगचं टेबल, वधूपक्षाच्या खोलीत उशांचे अभ्रे आणि पंगतीच्या हॉलमध्ये ‘टेबलवेअर’. पंगतीच्या हॉलमध्ये ताटं यावीत यात वावगं काही नाही. फक्त ही ताटं इतकी सपाट आहेत की आमटी वाढली तर ती शेजाऱ्याने जेवावी. सासूबाईंनी एक ताट उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं आणि विचारलं, “यात कालवायचं कुठे?” विक्रेती मुलगी म्हणाली, “मॅम, हे प्लेटिंगसाठी आहे.” सासूबाईंनी ताट जागेवर ठेवलं. मग त्यांना आपण दिसलात: रु. ४,२००, वर तिरकी रेघ, खाली १,६८०. सासूबाईंनी ताट पुन्हा उचललं आणि म्हणाल्या, “पोळ्या ठेवायला होईल.”

हे आपलं कर्तृत्व. ताट तेच, सपाटीही तीच. मध्ये आलात फक्त आपण.

आपल्या या शक्तीचा अभ्यास झालेला आहे, हे आपल्याला ठाऊक असेलच. एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली छापलेल्या निबंधात एका प्रयोगाची हकिकत आहे. लोकांसमोर आकड्यांचं एक चाक फिरवलं आणि मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के असतील? चाक १० वर थांबलेलं पाहणाऱ्यांचा अंदाज साधारण २५ टक्के आला आणि ६५ वर थांबलेलं पाहणाऱ्यांचा ४५. चाकाचा आफ्रिकेशी काडीचा संबंध नव्हता. पण त्या गृहस्थांनी निदान सगळ्यांदेखत चाक फिरवलं तरी! आपला ४,२०० हा आकडा कोणत्या चाकावर आणि कुणाच्या साक्षीने थांबला, हे मी बिलिंगच्या टेबलावर विचारलं. त्यांनी विचारलं, “मॅडम, कॅश की यूपीआय?”

तसं पाहिलं तर आपलं सगळं कायदेशीर आहे. पाकिटावर छापलेल्या कमाल किरकोळ किमतीच्या वर एक रुपया घेता येत नाही, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण ताटावर किंवा उशीवर ती कमाल किंमत मुळात किती छापावी, यावर कुणी बंधन घातलेलं नाही. म्हणजे छत डोक्यावर असणं सक्तीचं, ते कितव्या मजल्यावर घालायचं ती मर्जी आपल्या जन्मदात्याची. युरोपात मात्र आपल्या नातेवाइकांचे हाल आहेत. तिथे २८ मे २०२२ पासून नियम असा की, सवलत जाहीर करताना जुनी किंमत म्हणून आधीच्या किमान तीस दिवसांतली सर्वांत कमी किंमतच दाखवायची. तिथल्या खोडलेल्या किमतीला निदान महिनाभर न खोडता जगावं लागतं. आपण जन्माला आलात त्या रेघेसकटच.

नाही म्हणायला आपल्याकडेही एक जुनं, सात्त्विक घराणं होतं. दोन ऑक्टोबर आला की खादीवर रिबेट सुरू व्हायचं. माझे वडील सप्टेंबरात फाटक्या सदऱ्यावर दिवस काढायचे आणि गांधीजयंतीला नवं कापड आणायचे. त्या भांडारातली खोडलेली किंमत खरी असे, कारण एक तारखेला कुणीतरी ती खरोखर मोजलेली असे. आपल्याला पूर्ण मोजणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. असा कुणी भेटला असेल तर त्याचा सत्कार करू, कार्यालय रिकामंच आहे.

दाराबाहेरच्या फलकाबद्दलही दोन शब्द. त्यावरचं ‘७०% सूट’ रिक्षातून वाचता येतं आणि त्याच्या आधीचं ‘अप टू’ वाचायला फलकाला नाक लावावं लागतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जाहिरातीतला खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच टंकात हवा. स्वस्त वस्तूचं गाजर दाखवून गिऱ्हाईक आत ओढणाऱ्या जाहिरातींनाही तिथे अटी घातलेल्या आहेत, वस्तूचा पुरेसा साठा हवा वगैरे. इथे ७० टक्क्यांत काय होतं म्हणाल तर नॅपकिन अडकवायच्या कड्या. तोही एकच संच, आणि तो सकाळी साडेआठपासून रांगेत बसलेल्या बाईंनी उचलला. त्यांच्याकडे नॅपकिन नाहीत. ते चाळीस टक्क्यांत होते.

आतली गर्दी पुणेरी, म्हणजे सभ्य. एका दुहेरी रजईचं एक टोक एकीच्या हातात आणि दुसरं दुसरीच्या. “तुम्ही घ्या हो,” “छे छे, तुम्ही आधी आलात,” असं बराच वेळ चाललं होतं आणि टोक कुणीच सोडत नव्हतं.

मालाच्या कुळाची चौकशी मी मुद्दाम केली. पितळी मेणबत्तीदाणीचं नाव उत्तर युरोपी थाटाचं, उच्चार करताना घशात अडकणारं. तळाशी पाहिलं तर मुरादाबाद. निळ्या नक्षीचे वाडगे खुर्ज्याचे. ‘बाथ लिनन’ नावाखाली जे गुंडाळून, रिबीन बांधून ठेवलं होतं ते उलगडल्यावर सोलापुरी टॉवेल निघाले! त्या कारागिरांविषयी मला आदर आहे, म्हणूनच विचारते: मुरादाबादच्या ठठेऱ्याचं नाव लेबलवर कुठेच नाही आणि आपलं मात्र ठळक अक्षरांत, हे कसं? डिझायनर म्हणतात तो कोण? ज्याने पितळ ठोकलं तो, की ज्याने आपला आकडा ठरवला तो? कलाकुसर दुसऱ्याच्या कामात जास्त आहे, हे मी मान्य करते.

चादरींच्या खोलीत आपल्याला एक जोडीदारही मिळालेला दिसला, थ्रेड काउंट. एका चौरस इंचात उभे-आडवे मिळून धागे किती, एवढाच त्याचा खरा अर्थ. पण दोन-तीन बारीक पदर पिळून एक धागा करायचा आणि मोजताना पदर सुटे मोजायचे, म्हणजे चारशेचे हजार होतात. हजाराची चादर हाताला जाड लागते आणि मे महिन्यात तिच्यावर झोप येत नाही. आपण दोघं एकाच लेबलवर शेजारी छान दिसता. आकडे फुगवणाऱ्यांची सोयरीक जमली, तीही लग्नाच्याच हॉलमध्ये, आणि चातुर्मासात!

आमच्या ह्यांचा आपल्यावर थोडा राग आहे. मी जाळीचा एक दिवा घेतला. आपण ८,९९९, दिवा ३,५९९ ला. घरी येऊन सांगितलं, पाच हजार चारशे वाचले. ह्यांनी शांतपणे विचारलं, “कुठे आहेत?” बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाशी सेलविषयी बोलण्यात अर्थ नसतो. त्यांना जमाखर्चात फक्त खर्च दिसतो.

पण आपला खरा उपयोग त्यांनाही पुढच्या आठवड्यात कळला. भाच्याच्या बावधनच्या फ्लॅटची वास्तुशांत होती. आहेर म्हणून ते सपाट ताट काढलं. (पोळ्या मावल्या नाहीत.) आता आहेराची किंमत सांगायची नसते, पण समोरच्याला कळली मात्र पाहिजे. अशा वेळी १,६८० चं स्टिकर नखाने खरवडायचं, आपल्यावरची रेघ स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची आणि ४,२०० चं लेबल ‘काढायचं राहून गेलं’ अशा बेताने ठेवून द्यायचं. हे काम ह्यांनी स्वतः, चष्मा लावून, टेबललॅम्पखाली केलं. भाचेसुनेने ताट उलटं करून पाहिलं आणि म्हणाली, “मामी, एवढं कशाला?” त्या एका क्षणापुरत्या आपण पूर्ण वसूल झालात.

म्हणून आपल्या मालकांकडे एक विनंती पोहोचवावी. आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आता मेणबत्तीदाण्यांना जागा नाही. पुढच्या आषाढात दारातच एक वेगळं टेबल मांडून नुसती आपली लेबलं विकावीत, रेघ न मारलेली, रु. ५०० पासून रु. १०,००० पर्यंतची. ताटवाट्या आम्ही रविवार पेठेतून आणू. आणि सवलतीच्या स्टिकरचा गोंद तेवढा बदलायला सांगा. खोबरेल तेल झालं, गरम पाणी झालं, केसांचा ड्रायरसुद्धा फिरवून झाला, तरी दिव्यावरचा ३,५९९ मधला शेवटचा ९ अजून निघालेला नाही, आणि चुलतनणंदेची साठी येत्या गुरुवारी आहे.

कळावे, लोभ आहेच, तो वाढवण्याची तसदी आपण घेताच आहात.

आपली,
रांगेतली एक गृहिणी

ता. क. कापडी पिशवीचे वेगळे पंधरा रुपये घेतले. तिच्यावर मात्र आपण कुठेच दिसला नाहीत. बऱ्या आहात ना?