दोनच कॅमेरे, पण तांब्याच्या तारेवर

चार कॅमेऱ्यांचा सेट घेऊ नका. दोन घ्या, आणि वाचलेले पैसे वायरीत, वीजपुरवठ्यात आणि हार्ड डिस्कमध्ये घाला. चोरी झाल्यावर पंचनाम्याला काही हाती लागेल ते यातूनच.

बालाघाट जिल्ह्यातल्या खैरलांजी तहसिलीसाठी हे लिहितो आहे. (भंडारा जिल्ह्यातलं, २००६ च्या हत्याकांडामुळे माहीत झालेलं खैरलांजी वेगळं.) इथला बाजार वारासिवनीचा, सोयरीक पार तुमसर-तिरोड्यापर्यंत. धानाची मळणी आटोपली की तरुण पोरं नागपूर-हैदराबादच्या वाटेला लागतात. मागे उरतं कवेलूचं घर, गोठा, सपरीत रचलेली पोती, मोटारपंप आणि दोन म्हातारी माणसं. पोरगा तिकडून पैसे पाठवतो, ‘कॅमेरा बसवून घ्या’ म्हणतो, आणि दुकानदार चार कॅमेऱ्यांचा सेट पुढे करतो. आठ-नऊ महिन्यांनी त्यातले दोन बंद असतात आणि उरलेल्या दोहोंत रात्री नुसत्या पट्ट्या दिसतात. त्या पोराने घाम गाळून कमावलेले पैसे असे वाया जाताना पाहवत नाहीत.

म्हणून आधी एकच प्रश्न विचारा: चोर आलाच, तर मला काय दिसायला हवं? चेहरा. अख्खं अंगण दिसणं आणि चेहरा ओळखू येणं या निराळ्या गोष्टी आहेत. माणूस नेमका कोण हे ठरवायला चित्रात दर मीटर रुंदीला २५० पिक्सेल हवेत, असा २०१४ च्या आंतरराष्ट्रीय मानकाचा हिशेब आहे. दोन मेगापिक्सेल कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं, म्हणजे साधारण साडेसात मीटर रुंदीपुरतंच ते पुरतं. सेटमध्ये सहसा येणाऱ्या २.८ मिलिमीटरच्या भिंगातून एवढी रुंदी तीन मीटरवरच भरते. त्यापलीकडचा माणूस दिसतो, पण ओळखू येत नाही. ३.६ चं भिंग घेतलं तर साडेचार मीटरच्या आसपास जमतं, ६ चं घेतलं तर आठ मीटरपर्यंत. तेव्हा दुकानात मेगापिक्सेलच्या आधी भिंग किती मिलिमीटरचं ते विचारा. आणि कॅमेरा छपराच्या टोकाला टांगू नका. तिथून टोपी आणि गमछाच दिसेल. दाराच्या बाजूला सात-आठ फुटांवर लावा, येणाऱ्याचं तोंड समोरून येईल असा.

एक दाराला, दुसरा गोठ्याकडून घरात येणाऱ्या वाटेला. घराच्या कॅमेऱ्याची कल्पनाच दारापाशी सुचलेली आहे. न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेच्या कामाच्या वेळा आडनिड्या, पोलीस लवकर यायचे नाहीत. तिने आणि नवऱ्याने १९६६ मध्ये पेटंटचा अर्ज केला, १९६९ मध्ये पेटंट मिळालं. त्यांचा कॅमेरा दाराच्या भोकांतून बाहेर उभ्या माणसाला पाहायचा, बस.

आता वायर. सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. डीव्हीआरच्या, म्हणजे रेकॉर्डिंग करणाऱ्या पेटीच्या, सेटला थ्री-प्लस-वन वायर लागते: एक चित्राची, बाकीच्या वीज-आवाजाच्या. स्वस्त रीळ तांब्याचं नसतं, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. टोक ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरं निघालं तर परत करा, दुकानदार कितीही ओळखीचा असो. कॅमेऱ्याला बारा व्होल्ट लागतात. दिवसा तो थोडा करंट घेतो, अंधार पडला की त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि मागणी वाढते. लांब, बारीक, मुलाम्याच्या तारेत व्होल्टेज वाटेतच गळतं. म्हणून दुपारी फिटिंग करणारा जाताना चित्र लख्ख असतं आणि रात्री, चोराच्या वेळेला, ते तुटतं. फिटिंगचे पूर्ण पैसे अंधार पडल्यावर, पडद्यावर स्वतः पाहूनच द्या. अंतर मोठं असेल तर विजेसाठी वेगळी जाड तार टाका, किंवा पैसे असतील तर नेटवर्क केबलवरच वीज नेणारा पीओई कॅमेरा घ्या. त्यात तार अठ्ठेचाळीस व्होल्टच्या आसपास चालते, गळती कमी होते आणि शंभर मीटरपर्यंत काम निभतं.

वाय-फायचा कॅमेरा स्वस्त आणि बिनवायरीचा, हे खरं. पण मातीच्या जाड भिंतींपलीकडे सिग्नल टिकत नाही, आणि विजेची वायर त्यालाही लागतेच. वायरवाला डीव्हीआर इंटरनेट नसलं तरी रेकॉर्डिंग करत राहतो. पोराला मोबाइलवर पाहता यावं म्हणून नेट हवं. नोंद राहावी म्हणून नको.

कवेलूखालून उघडी वायर नेऊ नका. उंदीर आहेत, वानरं आहेत. पाइपातून न्या. आणि अंगण ओलांडून गोठ्यापर्यंत हवेत लोंबती तार तर मुळीच नको. पावसाळ्यात वीज घरावर पडावीच लागते असं नाही. जवळपास पडली तरी लांब तांब्याच्या तारेत झटका उठतो आणि डीव्हीआर जळतो. या मुलखात विजा काही थोड्या पडत नाहीत. आधी घराचं अर्थिंग नीट करून घ्या, मग सर्ज प्रोटेक्टर लावा. अर्थिंगशिवाय तो कुचकामी आहे. वीज कडाडू लागण्याआधीच प्लग आणि बाहेरून येणाऱ्या वायरी काढून ठेवाव्यात. ऐन कडकडाटात त्यांना हात लावू नये. दोन कॅमेरे असतील तर हे म्हाताऱ्या माणसालाही जमतं.

लाइट जाण्याचं म्हणाल तर डीव्हीआर, डिस्क आणि दोन कॅमेरे मिळून फार तर तीस-चाळीस वॅट. घरचा इन्व्हर्टर ते सहज पेलतो. राउटरही त्याच्यावरच घ्या.

डिस्कचा हिशेब तर तोंडी होतो. एका कॅमेऱ्याला दोन एमबीपीएस धरले तर दिवसाला साडेएकवीस जीबीच्या आसपास. दोन कॅमेऱ्यांना एक टीबीची डिस्क तीन आठवड्यांवर पुरते, चार कॅमेऱ्यांना अकरा-बारा दिवसच. लग्नाला किंवा कामाला बाहेर गेलेलं कुटुंब पंधरा दिवसांनी परत येऊन कुलूप तुटलेलं पाहतं, तेव्हा हा फरक कळतो. डिस्क कॅमेऱ्यांच्या कामासाठी बनवलेलीच घ्या, कॉम्प्युटरमधून काढलेली जुनी नको. आणि डीव्हीआर टीव्हीखाली उघडा ठेवू नका, चोर तोच उचलून नेतो. आतल्या खोलीत, कुलपात ठेवा, पण हवा खेळेल असा. मे महिन्यात बंद पेटीत तो तापून मरतो.

डीव्हीआरचं घड्याळ महिन्यातून एकदा मोबाइलशी जुळवा. चुकीच्या तारखेचं फुटेज कोर्टात उलटतं. फुटेज मान्य व्हायला काय लागतं याचा देशातला मोठा निकाल मराठी मुलखातूनच गेलेला आहे. २०१४ ची जालना विधानसभा निवडणूक अर्जुन खोतकर २९६ मतांनी जिंकले. त्यांचे उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतले गेले, असं सांगत कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणाचा. प्रती मिळाल्या, पण मागूनही त्यांच्यासोबत कायद्याने लागणारं प्रमाणपत्र मिळेना. १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं: प्रत द्यायची तर प्रमाणपत्र हवंच, मात्र यंत्राच्या मालकाने मूळ यंत्रच आणून साक्ष दिली तर त्याची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून हा विषय भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, त्यातला एक तज्ज्ञाचा. म्हणून चोरी झाल्यावर पडद्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकत बसू नका. त्या तारखेचं रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर घ्या, वरून नवं चढू नये म्हणून डीव्हीआर बंद करा आणि पोलिसांना मूळ यंत्र दाखवा.

पासवर्ड फिटिंगवाल्याच्या हाती ठेवू नका. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर केवळ कारखान्यातले पासवर्ड तसेच राहिले म्हणून ताब्यात घेतले, आणि त्यांच्या जोरावर २१ ऑक्टोबरला अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. आपल्याकडे ९ एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या चाचणीची अट आली आहे. मॉडेल त्या चाचणीतून गेलंय का ते तपासता यावं म्हणून पक्कं बिल घ्या आणि त्यावर मॉडेल क्रमांक लिहून घ्या.

राहिली एक गोष्ट, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. इथल्या घरांची न्हाणी बहुधा मागच्या अंगणात असते, अर्धी उघडी. गोठ्याकडे वळवलेल्या कॅमेऱ्यात शेजारची न्हाणी सहज येते, आणि ते चित्र तुमच्या पोराच्या मोबाइलवर, शिवाय फिटिंगवाल्याकडे पासवर्ड असेल तर त्याच्याही मोबाइलवर जातं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली बाईचं खासगी चित्रण हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं कैद. डीव्हीआरच्या मेन्यूत प्रायव्हसी मास्क नावाची सोय असते. चित्राचा तेवढा भाग तिने कायमचा काळा करता येतो. कॅमेरा बसला त्याच दिवशी तो लावून घ्या, शेजारच्या काकूंना घरी बोलवा आणि पडदा दाखवा. घरातल्या आजीलाही विचारा, ओसरीवर बसलेली असताना दिवसभर मोबाइलवर दिसणं तिला चालेल का. नको म्हणाली तर कॅमेरा दाराबाहेर वळवा.