रॉक बँड, मुक्काम पोस्ट देऊळगाव राजा

देऊळगाव राजाला रेल्वे नाही. त्यामुळे रॉक संगीत इथं आलं ते जालन्याहून, एस.टी.नं. खात्रीनं सांगतो, कारण मोठा ड्रम माझ्याच मांडीवर होता. भाच्याच्या बँडनं एका बँजो पार्टीकडून जुना ड्रमसेट घेतला होता आणि "मामा, नुसतं सोबत चला" एवढ्यावर मी निघालो होतो.

"लग्नाचं का?" कंडक्टरनं विचारलं.

"नाही, रॉक बँड."

"म्हंजे लग्नाचंच," म्हणत त्यानं लगेजचं तिकीट हातात दिलं.

बँडमध्ये चौघं. गिटार, ड्रम, गळा आणि कीबोर्ड. कीबोर्डवाली मुलगी, आणि 2023 पासून बायकांना एस.टी.त निम्मं तिकीट. म्हणून ती बँडला परवडते, असा हिशेब गिटारवाल्यानं मांडला. "मग तुम्ही तिघं महाग पडता," ती म्हणाली.

मराठवाडा सुटून विदर्भ लागेपर्यंत बँडच्या नावावरून भांडण चाललं. एकाला विजेचं नाव हवं, दुसऱ्याला नदीचं. खडकपूर्णेचं नाव घेतलं तर उन्हाळ्यात काय वाजवायचं, असा सवाल आला आणि नदी बाद झाली.

गाव बालाजीचं. आश्विनात यात्रा भरते, उंच लाकडी लाठांवर मंडप चढतो. गलक्याची गावाला सवय आहे. गाण्याची एकच ओळ तासभर ऐकायची मात्र नाही. दोन घरांतून हकालपट्टी झाल्यावर ड्रमवाल्याच्या घरची मागची खोली मिळाली. भाव वाढेल या आशेवर तिथं आढ्यापर्यंत कापूस रचलेला. कापूस आवाज पितो! मुंबईचे स्टुडिओवाले भिंतींना काय काय ठोकतात. इथं पांढरं सोनंच लागलेलं. फक्त झांजेवर काठी पडली की तंतू उडायचे, कीबोर्डच्या पट्ट्यांत अडकायचे, गायकाच्या नाकात जायचे. वरचा सूर लागायच्या बेतात असताना शिंक यायची. फेब्रुवारीत भाव जरा हलला. सकाळी व्यापाऱ्याचा टेम्पो आला, दुपारी खोली मोकळी. संध्याकाळी पहिला ठोका पडला आणि अख्खी गल्ली दारात.

पोरांना धीर द्यावा म्हणून मी लिव्हरपूल काढलं. 1957 साली शाळकरी जॉन लेनन आपल्या 'क्वारीमेन'ला घेऊन कोळशाच्या लॉरीवर उभा राहून वाजवत होता. तालाला कपडे घासायची पत्र्याची फळी, खर्जाला चहाची रिकामी पेटी. त्याच जुलैत चर्चच्या जत्रेत त्याला पॉल मॅकार्टनी भेटला आणि पुढं 'बीटल्स' झाले.

"जत्रा आपल्याकडं बी हाये, अन् ट्रॅक्टर बी," ड्रमवाला म्हणाला.

मे महिन्यात ट्रॉलीवर पहिला कार्यक्रम झाला. हळदीचा! कंडक्टर द्रष्टा निघाला. पोरांनी स्वतःचं इंग्रजी गाणं सुरू केलं. नवरदेवाच्या काकांनी कडव्याआधीच हात वर करून 'झिंगाट' मागितलं. गिटारवाला रुसला. कीबोर्डवालीनं त्याच्याकडं न बघताच सूर धरला, मग काय, वऱ्हाडानं ते तीनदा वाजवून घेतलं. माझं प्रामाणिक मत विचाराल तर इंग्रजी गाण्यापेक्षा ते बरंच बरं वाजलं. पण हे मी भाच्याला सांगितलेलं नाही.

जूनमध्ये ड्रमवाला नीटच्या तयारीला लातूरला गेला. त्याच्यासोबत खोलीही गेली.

तेव्हा पंचक्रोशीत कुणी ड्रम वाजवणारं असेल तर कळवावं. अटी दोनच: नीट देऊन झालेली असावी आणि घरात न विकलेला कापूस असावा.