सिंहासन मोडीत

२०१९ च्या उन्हाळ्यात भंडाऱ्याच्या पानठेल्यांवर दोन सिंहासनांचा घोळ चालला होता. एक दिल्लीचं, दुसरं वेस्टेरॉसचं. आमच्या भंडारा-गोंदिया मतदारसंघाचं मतदान ११ एप्रिललाच आटोपलं होतं, निकाल लागायचा होता २३ मेला. मधल्या रिकाम्या दिवसांत लोकांनी करायचं काय? तेवढ्यात, निवडणूक आयोगानेच सोय करून दिल्यासारखा, ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा आठवा आणि शेवटचा सीझन आला. सहा सोमवार, सहा भाग, वेळ सकाळी साडेसहा. त्यामुळे ठेल्यावर कोणी म्हणालं, “आता तिचं काही खरं नाही, तिचे सल्लागारच फुटले,” तर ते कोणाबद्दल चाललंय हे खर्रा घोटून होईस्तोवर कळत नसे. ठेलेवाला दोन्हीकडे मान हलवायचा. धंदा मुरलेला माणूस.

माझा पुतण्या तेव्हा नागपूरला इंजिनिअरिंगला होता आणि सुट्टीत घरी आला होता. एरवी कूलरसमोरून नऊच्या आत न हलणारा हा प्राणी सोमवारी सहाला उठून, तोंड धुऊन, मोबाइल चार्ज करून तयार असे. आठ वाजता त्याची मित्रमंडळी आमच्या ओट्यावर जमत. हातात पोहे, पोह्यांवर तर्री आणि तोंडात एकच शब्द : आर्क, म्हणजे पात्राचा प्रवास. जेमीचा आर्क वाया घालवला. डेनेरिसचा आर्क घाईघाईत गुंडाळला. थिऑनचा तेवढा बरा झाला, पण थिऑन मेला. या मुलांना स्वतःच्या पाचव्या सेमिस्टरचं काय झालं ते नीट सांगता येत नव्हतं. पण जेमी लॅनिस्टरच्या मनात तिसऱ्या सीझनच्या कितव्या भागात पालट झाला ते मिनिटासकट माहीत होतं.

या मंडळात एक सभासद अशी होती, जिने ७३ भागांपैकी एकही पाहिला नव्हता. आमची मोठी आई, म्हणजे पुतण्याची मोठी आजी. वय ऐंशीच्या पुढे, डोळ्यांत मोतीबिंदू, इंग्रजीशी वैर नाही पण ओळखही नाही. माहेर पवनीकडचं, ते गोसेखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. एप्रिल-मे हे कुरोड्यांचे दिवस. गच्चीवर कुरोड्या वाळत घालायच्या आणि पाखरं हाकलायला कोणीतरी बसवायचं, हा घरचा नियम. बसवलेला पुतण्या बोलल्याशिवाय राहू शकत नसे. अशा तऱ्हेने आठ वर्षांची मालिका तिने कानांनी पाहिली. स्टार्क, लॅनिस्टर, टार्गेरियन ही नावं तिच्या तोंडात बसली नाहीत, पण कोण कोणाचा साळा, कोणाचं लेकरू खरं कोणाचं आणि कोणी कोणाच्या लग्नात दगा केला, हे एकदा ऐकलं की तिला दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे. लग्नात जेवायला बसलेल्या पाहुण्यांना कापून काढलं, हे ऐकून तर ती दोन दिवस त्या घराला शिव्या घालत होती. “मारायचं व्हतं तं रस्त्यात मारतेत,” तिचं म्हणणं. “जेवत्या पानावर?”

पोरांना वाटायचं, म्हातारीची करमणूक होते. मला मात्र लवकरच कळून चुकलं की ओट्यावर खरा समीक्षक एकच आहे.

त्याला कारण तिची तालीम. आमच्या भागात दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार, खडी गंमत, रात्री नाटक. वडसा-देसाईगंजच्या कंपन्या येतात, रात्री दहाला वगैरे पडदा वर जातो आणि पूर्वेला फटफटलं की खाली येतो. मधे गाणी, लावणी, विनोदी नटाचा धुमाकूळ आणि थंडीत शेकोट्या. एका रात्रीत सावकार माजायचा, सून छळली जायची, धाकटा भाऊ बिघडायचा, सुधारायचा आणि मेलाच तर गाणं म्हणून मरायचा. सकाळी धान कापायला निघालेली माणसं बांधावरून त्या सावकाराची चिरफाड करत जायची : तो इतका लवकर पालटला कसा, त्याच्या आईचा एक प्रवेश हवा होता. मोठ्या आईने अशी साठेक वर्षं काढलेली. ज्या बाईने सहा तासांत पाच माणसांचे आर्क पूर्ण झालेले पाहिले आहेत, तिच्यापुढे आठ सीझन घेणारी अमेरिकन कंपनी जरा ढिलीच वाटणार.

आठव्या सीझनच्या तिसऱ्या भागातली ती मोठी लढाई आठवा. इतका अंधार की जगभरच्या प्रेक्षकांनी ओरड केली आणि चित्रीकरण करणाऱ्याने सांगितलं की दोष तुमच्या टीव्हीच्या सेटिंगचा आहे. त्या दिवशी पुतण्याने मोबाइलचा उजेड वाढवून, डोक्यावर चादर घेऊन लढाई पाहिली. मोठ्या आईने विचारलं, “कोन मेलं?” तो म्हणाला, “नीट दिसलं नाही.” “मंग तुयात अना माह्यात काय फरक राह्यला?” ती म्हणाली. “मंडईत गॅसबत्तीवर याच्याहून बरं दिसे.”

चौथ्या भागात जेमीने मंडळाला दगा दिला. न पाहिलेल्यांसाठी : मालिकेच्या पहिल्याच भागात एका लहान मुलाला खिडकीतून ढकलून देणारा हा सरदार पुढे तलवारीचा हात गमावतो आणि हळूहळू माणसात येतो. आठव्या सीझनच्या दुसऱ्या भागात तो ब्रिएन या लढवय्या बाईला सरदारकी देतो, तेव्हा आमच्या ओट्यावर डोळे पुसले गेले होते. आणि आता हाच माणूस रात्री घोडा काढून आपल्या दुष्ट बहिणीकडे, सर्सीकडे, परत निघाला! पोरं खवळली. सात सीझनची मेहनत पाण्यात.

मोठी आई कुरोड्या उलटत म्हणाली, “गेला तं काय झालं? जानारच व्हता.”

या मुद्द्यावर मी तिच्या बाजूचा. आमच्या नात्यात एक काका होते, दर दसऱ्याला खर्रा सोडायचे. नुसता सोडायचे नाहीत, सर्वांना बोलावून, पुडी नाल्यात फेकून, भाषण करून सोडायचे. कोजागिरीला ते ठेल्यावर. पण म्हणून ते दसऱ्याचं भाषण खोटं होतं का? मुळीच नाही. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं सर्वांत मनापासूनचं बोलणं तेच. जेमीचंही तसंच. सुधारलेला माणूस सुधारलेलाच राहिला पाहिजे हा आग्रह मार्कशीट पाहत वाढलेल्या पिढीचा. एकदा साठ टक्के पडले की पुन्हा पस्तीसवर यायचं नाही.

सर्सीबद्दल मात्र तिचं नि माझं पटलं नाही. सर्सीची तिन्ही लेकरं गेली, एवढं एकच कलम तिने धरून ठेवलं होतं आणि बाकीचे सारे गुन्हे माफ. मी म्हटलं, अगं, तिने अख्खं देऊळ माणसांसकट उडवलं. “उडवलं असन,” ती म्हणाली, आणि विषय संपला.

१३ मेच्या सोमवारी आमच्या ओट्यावर सुतक पडलं. घंटा वाजल्या, शहर शरण आलं, आणि तरीही डेनेरिसने ड्रॅगनवरून ते पेटवून दिलं. पुतण्याने पोह्यांना हात लावला नाही. बाहेर भंडाऱ्याचं ऊन होतं, ड्रॅगनची वेगळी गरज नव्हती. तिकडे अमेरिकेत सीझन नव्याने बनवा म्हणून अर्ज फिरत होता, त्यावर दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. आमच्या ओट्यावरच्याही पाच-सहा त्यात असतील. गरिबांची कैवारी, गुलामांना सोडवणारी, ती एका घंटेच्या आवाजाने अशी फिरते? रस्ताच दाखवला नाही, असं मंडळाचं म्हणणं.

“तिच्या भावाच्या डोक्यावर त्यायनं वितळलेलं सोनं वतलं व्हतं ना?” मोठ्या आईने विचारलं.

“हो, पहिल्या सीझनमध्ये.”

“तवा ते काय करे?”

“उभी राहून पाहत होती.”

“अना तुमी?”

पोरं गप्प. कारण तो प्रसंग त्यांचा लाडका होता. त्यांच्यातल्या दोघांनी तर तो मोबाइलवर साठवून ठेवला होता. मोठ्या आईने जरा वेळ जाऊ दिला आणि मग तिला खरोखर सतावणारा प्रश्न विचारला : “ते सोनं मंग कोनं घेतलं?”

धातूच्या बाबतीत ती हळवी आहे, आणि भंडारा ही पितळनगरी. इथे फुटकी कळशीसुद्धा तोलून मोडीत जाते. त्यामुळे २० मेच्या शेवटच्या भागात ड्रॅगनने फुंकर घालून ते लोखंडी सिंहासन वितळवलं, हे ऐकून तिने कपाळावर हात मारला. शत्रूंच्या तलवारी वितळवून केलेलं आसन, ज्यासाठी आठ वर्षं माणसं मेली, ते असं नुसतं वाहून गेलं! “मोडीत देतेत तं काही आलं असतं.” सिंहासनाचं प्रतीक, सत्तेचा विनाश वगैरे पुतण्या समजावू लागला. तिने मोडीचा भाव विचारला.

राजा झाला ब्रॅन. खिडकीतून पडलेलं तेच पोर, आता खुर्चीत बसलेला, थंड डोळ्यांचा तरुण. मंडळाच्या मते हा कळस होता मूर्खपणाचा. ज्याला आर्कच नाही त्याला गादी? मोठ्या आईने नेहमीप्रमाणे चौकशी केली. बोलतो किती? फार नाही. लेकरं? व्हायची नाहीत. निवडला कोणी? सर्व सरदारांनी बसून.

“बिनविरोध?”

“जवळजवळ.”

“मंग बरोबर हाये. पोट्टे नाही, भांडन नाही. सरपंच असाच पायजे.”

गंमत म्हणजे मालिकेत टिरियन, जेमीचा धाकटा भाऊ, सरदारांपुढे नेमका हाच मुद्दा मांडतो. लेखकांना तिथे पोचायला ७३ भाग लागले.

मंडळाचा शेवटचा आधार होता मूळ कादंबऱ्या. पुस्तकात सारं नीट होईल, असं पुतण्या सांगायचा. त्यांचे लेखक मार्टिन यांचं पाचवं पुस्तक २०११ साली आलं, सहाव्याची वाट जग अजून पाहतंय. मोठ्या आईला ही थोरवी काही वाटली नाही. गोसेखुर्दची पायाभरणी राजीव गांधींच्या हस्ते १९८८ साली झाली तेव्हापासून ती कालव्याच्या पुढच्या भागाची वाट पाहते आहे.

२०२२ मध्ये ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ आली. पुतण्या आता पुण्यात नोकरीला आहे. दिवाळीला आला तेव्हा तिने आपणहून विचारलं, नवीन काय चालू हाये. तो खुलला. म्हणाला, मोठे आजी, ही त्या डेनेरिसच्या पूर्वजांची गोष्ट. एक राजा असतो, त्याची बायको मरते, मुलगा नसतो, म्हणून तो पोरीला वारस करतो. मग तो पोरीच्याच मैत्रिणीशी लग्न करतो आणि तिला मुलगा होतो.

“पोरीच्या मैतरनीशी?”

“हो. आता पुढे ऐक, खरी गोष्ट तर...”

“बापाचा दोष,” मोठी आई म्हणाली आणि चिवड्याचा डबा त्याच्यापुढे सरकवला. “सोड ते. तुयं लगन कवा?”