भाषणबाजी नसलेले पाच

"अगं, आहेस का घरात? हा कढीपत्ता घे आणि मला पिक्चर सांग."

काकूंची ही पद्धतच आहे. कंपाउंडच्या भिंतीवरून आधी काहीतरी हातात ठेवायचं, मग कामाचं बोलायचं. नाताळच्या सुट्टीत लेक आली होती, ती जाताना टीव्हीला काय काय जोडून देऊन गेली. आता रिमोट काकूंच्या ताब्यात, पण बघायचं काय ते कळेना.

"2023 चे पाच सांग. तू दर शुक्रवारी जातेस म्हणे."

"दर शुक्रवारी कुठलं काकू! मराठी सिनेमाला शो मिळतो भर दुपारचा. ऑफिसात काय सांगू?"

"ते तुझं तू बघ. फक्त 'बाईपण भारी देवा' सांगू नकोस, तो मी मंडळाबरोबर पाहिलाय."

"माझ्या पाचात तो नाहीच."

काकूंनी कढीपत्ता परत घेतला. म्हणजे खरोखरच घेतला.

"का गं बाई? नऊवारी नेसून, गॉगल लावून गेलो होतो आम्ही. थिएटरात फुगड्या घातल्या. सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेला उभ्या राहतात, त्यात तुला खोट काय दिसली?"

"खोट नाही. वंदना गुप्ते आणि रोहिणी हट्टंगडींसाठी मी परत जाईन. पण प्रत्येकीला आपलं दुःख बोलून दाखवावं लागतं. पडद्यावर भाषण सुरू झालं की मला घड्याळ आठवतं."

"घरात कोणी ऐकून घेत नाही, म्हणून तिथं बोलतात त्या."

यावर काय बोलणार? 30 जूनला लागलेल्या त्या सिनेमाला अधिक श्रावणातही बायका घोळक्याने जात होत्या, त्या काही उगाच नाही. पण आवड ती आवड.

"बरं, तुझे बिनभाषणाचे सांग."

"पहिला 'नाळ भाग 2'. चैत्या आठवतो ना? पहिल्या भागात त्याला कळतं, आपली जन्मदाती आई दुसरी आहे. आता तो तिच्या गावी जातो. तिथं धाकटी बहीण चिमी. तिचं मन जिंकायला हा जंग जंग पछाडतो. त्रिशा ठोसर म्हणून एवढीशी पोर आहे, नुसती रोखून बघते आणि चैत्याचं तोंड उतरतं. दिग्दर्शक सुधाकर रेड्डी मुळात कॅमेऱ्याचा माणूस, त्यामुळे रुसवा कुठे ठेवायचा ते त्याला बरोबर कळतं."

"दिवाळीतच आला होता ना? त्याच दिवशी 'श्यामची आई' पण होता."

"हो, दोन्ही ऐन धनत्रयोदशीला! सुजय डहाकेने 'श्यामची आई' चक्क कृष्णधवल केलाय. पण मराठी प्रेक्षक शेवटी दोन रांगांत वाटला गेला."

"मला अत्र्यांचाच पुरे. शाळेने दाखवला होता. वनमालाबाई रडवायच्या."

"1953 चा तो. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्यालाच मिळालं. बरं, दुसरा हिंदी आहे, पण घडतो तुमच्या वेंगुर्ल्याला."

माहेरचा जिल्हा निघाल्यावर काकू भिंतीला टेकल्याच.

"'थ्री ऑफ अस'. शेफाली शाहची स्मरणशक्ती जात चाललीय. सगळं पुसलं जायच्या आत ती नवऱ्याला घेऊन लहानपणीच्या गावी येते. तिथं शाळेतला मित्र भेटतो. जयदीप अहलावत, बँकेत मॅनेजर. आता तिघं समोरासमोर. दुसऱ्या कोणी यात आरडाओरडा घातला असता. इथं नवरा झालेला स्वानंद किरकिरे गप्प बसून सगळं ओळखतो. आणि ती नि तो मित्र आकाशपाळण्यात बसतात तो प्रसंग बघाच. दिग्दर्शक अविनाश अरुण, 'किल्ला'वाला."

"माझ्या वर्गातला एकही बँकेत मॅनेजर झाला नाही," काकू म्हणाल्या. "तिसरा?"

"'ट्वेल्थ फेल'. विक्रांत मेसी चंबळच्या खेड्यातून दिल्लीला येतो, पिठाच्या गिरणीत काम करतो आणि यूपीएससीचा अभ्यास करतो. केसांवर, भुवयांवर पीठ, पुढ्यात पुस्तक. गोष्ट खरी आहे. ते मनोजकुमार शर्मा आपल्याच महाराष्ट्र केडरचे आयपीएस."

"त्यात शेवटी मुलाखतीत तो मोठं बोलतो म्हणे. भाचा सांगत होता."

"मुलाखतीत बोलावंच लागतं काकू!"

"असं होय. म्हणजे तुझ्या आवडीच्याने केलं तर उत्तर, बाकीच्यांनी केलं तर भाषण."

मी घाईघाईने चौथ्यावर गेले. "'आत्मपॅम्फ्लेट'. शाळेतला एक दलित मुलगा वर्गातल्या ब्राह्मण मुलीच्या प्रेमात पडतो. मागे देशात ऐंशी-नव्वदची उलथापालथ चाललेली. जातीवर इतकं बोचरं आणि इतकं हसत-खेळत बोलणारा सिनेमा मी पाहिला नव्हता. आशिष बेंडेचा हा पहिलाच. बर्लिनच्या महोत्सवात दाखवला. आपल्याकडे मात्र मी मैत्रिणीला घेऊन दुसऱ्यांदा गेले तेव्हा थिएटरात दोन्ही हातांच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं."

"आम्हाला कोणी सांगितलंच नाही. 'बाईपण'चं एकीनं दुसरीला सांगितलं, म्हणून चालला तो."

हे मात्र शंभर टक्के खरं. शिफारस करणारी तोंडं नसतील तर बर्लिनचा शिक्का असून काय उपयोग?

"मग पाचवा सगळ्या मंडळाला सांगा. 'वाळवी'. लिहिलाय परेश मोकाशी आणि मधुगंधा कुलकर्णींनी. स्वप्नील जोशी आणि त्याची प्रेयसी मिळून त्याच्या बायकोचा काटा काढायचं ठरवतात. मिनिटामिनिटाचा आराखडा. आणि मग एकेक फजिती! शेवट सांगणार नाही."

"आज रात्रीच ह्यांना घेऊन बसते." काकू दोन पावलं गेल्या आणि थबकल्या. "काटा कुणाचा काढतात म्हणालीस?"

"बायकोचा."

"मग ह्यांना तो आकाशपाळण्याचाच दाखवते. वाळवी मी दुपारी एकटीच बघेन."