एका वेळी एकच

दुरुस्तीचा पहिला नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि फरक पडला का ते बघायचं. नियम बिनचूक आहे. फक्त ज्याने तो केला, त्याच्या घरात दुसरं कुणी राहत नसावं.

आमच्या संगणकावर विंडोज सेव्हन आहे. तिची देखभाल १४ जानेवारी २०२० रोजी अधिकृतपणे थांबली. त्या वर्षी पंचांगात संक्रांत १५ तारखेला होती. आमच्या संगणकावर ती एक दिवस आधीच आली. तरी बिचारा चालतो. पत्रं टाइप होतात, पत्त्यांचा डाव लागतो. पडतो तो फक्त ब्राउझर, आणि तोही मुहूर्त बघून. विजेचं बिल भरायला बसावं, ग्राहक क्रमांक टाकावा, मोबाइलवर ओटीपी यावा, त्यातले पहिले चार आकडे भरावेत, की सबंध खिडकी गायब! मागे उरतो नातवाचा बोळकं पसरून हसणारा फोटो.

भाच्याला फोन लावला. तो हिंजवडीत याच कामाचा पगार घेतो, त्यामुळे शिस्तीचा. "मामा, आधी प्रायव्हेट विंडो उघडा." तिथे एक्स्टेन्शनं सहसा बंद असतात, ब्राउझर टिकला तर संशय त्यांच्यावर. नाही टिकला तर हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करायचं, कारण पान रंगवायचं काम ब्राउझर ग्राफिक्स कार्डावर ढकलतो आणि कार्डाचा ड्रायव्हर जुना असला की दोघेही आडवे होतात. त्यानंतर नवं प्रोफाइल, मग मेमरी. "एक टॅब मेला तरी बाकीचे वाचावेत म्हणून हल्लीचे ब्राउझर टॅबांना वेगवेगळ्या प्रोसेस देतात. तुमच्या दोन जीबीत सगळ्यांना जगवता जगवता मेमरीच संपते. आणि मामा, एका वेळी एकच हं!"

मी कागदावर रकाने आखले: काय बदललं, काय झालं.

रकाने आखून होईपर्यंत घर कामाला लागलं होतं. "बाबा, हे कूपनवालं कुणी घातलं?" असं विचारत सुनेने सगळी एक्स्टेन्शनं उडवली. शेजारचे अण्णा, बिल कितीचं आलं हे विचारायला आलेले, त्यांनी कॅबिनेटचं झाकण काढलं, नातवाच्या कंपासपेटीतला खोडरबर मागवला आणि रॅमची पट्टी उपसून तिचे सोनेरी दात घासायला घेतले. याला हसू नये. त्या दातांवर मळ साचला की मेमरी वाट्टेल ते बरळते, आणि दुरुस्तीवाले हाच उपाय करतात. झाकण उघडलंच आहे तर म्हणून हिने आतून रंगाचा ब्रश फिरवला. मग अण्णांना बोर्डावरचा सीआर २०३२ सेल दिसला; तोही बदलला. सेल संपल्यामुळे वीज गेली की आमचा संगणक १ जानेवारी २००९ ला जाऊन बसायचा आणि वेबसाइटांची सुरक्षा प्रमाणपत्रं त्याच्या लेखी अजून जन्मलेलीच नसायची. पण त्याने पान उघडत नाही, ब्राउझर पडत नाही, असं मी म्हणालो. "आता बदललाय ना?" अण्णा म्हणाले.

संगणक सुरू केला. ग्राहक क्रमांक, ओटीपीचे सहाच्या सहा आकडे, पावती. माझा तक्ता कोरा तो कोराच.

ब्राउझर पडत होता तोवर तो माझा होता. चालू लागताच त्याला तीन मालक झाले. सून कूपनवाल्याचं नाव घेते, अण्णांनी खोडरबर खिशात घालून नेला, आणि हिच्या मते घरातल्या बहुतेक दुखण्यांचं मूळ धूळ हेच आहे. धुळीने तापला असता तर नुसता ब्राउझर नव्हे, अख्खा संगणक बंद पडला असता, हे मी समजावलं. "मग आता का नाही पडत?" ती म्हणाली. खरं कारण शोधायचं तर एकेक एक्स्टेन्शन परत घालून बघायला हवं. तसा ठराव मांडला. अनुमोदक मिळाला नाही.

रात्री भाच्याचा फोन. "कशाने सुटलं, मामा?"

"बहुमताने."

"आणि परत पडला तर?"

"परत मतदान घेऊ."