नायट्याचा पंडित

पावसाळ्यात वैजापुरातल्या मेडिकलवर एक ठरावीक गिऱ्हाईक येतं. काउंटरच्या कडेला उभं राहतं, मागून आलेल्यांना पुढे जाऊ देतं आणि दुकान रिकामं झालं की हळूच म्हणतं, "ती ट्यूब द्या." दुकानदार स्टुलावरूनच ओरडतो, "गजकर्णाची ना, दादा? मागची संपली का?" पलीकडचा चहावालाही वळून बघतो.

बीपी-शुगर माणूस चारचौघांत मिरवतो. नायट्याला ती प्रतिष्ठा नाही, कारण त्याची जागाच अडचणीची. अशा आजारापायी रेमों साबुरो यांनी हयात घालवली, याचं मला भारी कौतुक वाटतं. 1864 साली फ्रान्समधल्या नांतला जन्मलेले हे डॉक्टर पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात पोरांच्या डोक्यातल्या नायट्यामागे लागले. या पोरांची शाळा सुटायची आणि इलाज वर्षानुवर्षं रेंगाळायचा. 1904च्या सुमारास साबुरोंनी क्ष-किरणांनी केस उतरवून तो काही महिन्यांवर आणला. (किरणांचे धोके पुढे कळले, ती रीत गेली.) 1910 मध्ये नायट्यांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. फावल्या वेळात ते शिल्पं करत. खरवडायचा हात तिथेही कामी आला असेल!

पण त्यांचं नाव राहिलं ते नायट्याच्या बुरशीला वाढवायच्या जेवणामुळे. माल्टोज, पेप्टोन आणि अगर असा तो बेत. आता साखर बदलली, नाव तेच. आपल्याकडेही तपासणीसाठी चट्ट्याच्या कडेचा कोंडा बोथट पात्याने खरवडतात आणि साबुरोंच्या खाद्यावर पेरतात. चारेक आठवडे पाहुणचार झाला की नळीत पांढरा मऊ थर चढतो. मागून पाहिलं तर कधी तो गडद लाल दिसतो.

एवढा धीर कुणाला आहे? आज्या टाकळ्याचं बी ताकात वाटून लावायच्या, आपण स्टेरॉइडची मिसळ असलेली ट्यूब चोळतो. दोन दिवसांत खाज थांबते, की ट्यूब कोनाड्यात. पंधरवड्यात नायटा परततो, तोही गोतावळा घेऊन.

अशा गोतावळ्यातल्याच एका चिवट बुरशीचं बारसं 2020 मध्ये जपानी संशोधकांनी केलं: ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. नेहमीची टर्बिनाफिनची गोळी तिला बऱ्याचदा बाधत नाही. ती आता पॅरिसातही सापडली आहे, व्हिसाबिसा न काढता. साबुरोंचं जेवण तीही मिटक्या मारत खाते, पण दिसते थेट भावंडांसारखी. तिला ओळखायचं तर जनुकंच तपासावी लागतात.